डीयूआय प्रोबेशनवर आहात? कॅलिफोर्नियातली ०.०१ ची मर्यादा नीट समजून घ्या

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी माझा एक मित्र कोर्टातून थेट आमच्या घरी आला. हातात चार घड्या पडलेला कागद. डीयूआयची, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याची, त्याची पहिलीच केस. जेल टळली आणि त्याऐवजी प्रोबेशन, म्हणजे कोर्टाच्या अटींवर मोकळं राहायची मुदत, मिळालं म्हणून त्याचा जीव भांड्यात पडला होता. चहा घेता घेता म्हणाला, "आता काय, ०.०८ च्या खाली राहायचं. म्हणजे एखादी बिअर चालेल." मी कागद ओढून घेतला आणि दुसऱ्या पानावरची एक ओळ त्याला वाचून दाखवली. रक्तात मोजता येईल एवढंही अल्कोहोल असताना वाहन चालवायचं नाही, अशी ती अट होती. त्या ओळीसमोर त्याचीच आद्याक्षरं होती. सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात वकील पानं उलटत गेला आणि हा सह्या करत गेला.

तेव्हापासून ओळखीतल्या ज्या कुणावर ही वेळ आली, त्याच्याशी मी हेच बोलत आलो आहे. मी वकील नाही, आणि तुमच्या केसचा सल्ला तुमच्या वकिलाकडूनच घ्या. पण त्याच्याकडे जाताना काय विचारायचं आणि तोवर काय टाळायचं, ते इथे लिहितो आहे. हे सगळं कॅलिफोर्नियाचं आहे. दुसऱ्या राज्यात आकडे वेगळे असतात. युटामध्ये तर सर्वांसाठीच मर्यादा ०.०५ आहे.

आधी आकडे समजून घ्या

बीएसी म्हणजे रक्तातलं अल्कोहोलचं प्रमाण. ०.०८ टक्के म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम अल्कोहोल. कॅलिफोर्नियात २१ वर्षांवरच्या सर्वसाधारण चालकाला ही मर्यादा आहे, १९९० पासून. ट्रकसारखं व्यावसायिक वाहन चालवणाऱ्याला ०.०४, आणि १ जुलै २०१८ पासून भाड्यानं प्रवासी नेणाऱ्यालाही, म्हणजे उबर-लिफ्ट चालवणाऱ्यालाही, प्रवासी गाडीत असताना ०.०४. २१ वर्षांखालच्यांना ०.०१.

डीयूआयच्या प्रोबेशनवर असलेल्या माणसालाही तीच ०.०१ ची मर्यादा आहे, वय काहीही असो. वाहन कायद्याचं कलम २३१५४, लागू झालं १ जानेवारी २००९ पासून. ०.०१ म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १० मिलिग्रॅम. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे ही मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे पुण्यातल्या नाकाबंदीत ज्या आकड्यावर गुन्हा होत नाही, त्याच्या एक तृतीयांशावर इथे तुमचं लायसन्स जातं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण गोंधळ इथेच होतो. तुमच्यावर दोन बंधनं आहेत आणि ती दोन वेगळ्या ठिकाणांहून आली आहेत. एक डीएमव्हीचं, म्हणजे लायसन्स देणाऱ्या राज्याच्या वाहन खात्याचं: ०.०१ किंवा त्याहून जास्त आढळलं की लायसन्स निलंबित. दुसरं कोर्टाचं: मोजता येईल एवढं अल्कोहोल अंगात असताना गाडी चालवायची नाही, ही प्रोबेशनची अट. एकाच घटनेत दोन्हीकडून कारवाई होऊ शकते, आणि एकीकडे सुटलात म्हणून दुसरीकडे सुटलात असं होत नाही. तुम्ही झोकांड्या खात होतात की सरळ रेषेत गाडी चालवत होतात, याच्याशी ०.०१ च्या नियमाचा काही संबंध नाही. आकडा आला की संपलं.

पहिलं काम: कोर्टाचा कागद वाचा आणि तारीख लिहून ठेवा

डीयूआयचं प्रोबेशन किमान ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ५ वर्षं असतं. साध्या गुन्ह्यांचं प्रोबेशन कॅलिफोर्नियात २०२१ पासून एका वर्षावर आलं, आणि त्यामुळे काही जणांना वाटतं की आपलंही वर्षभरात संपलं. डीयूआयला ती सवलत नाही, कारण त्याच्या प्रोबेशनची मुदत वाहन कायद्यातच वेगळी ठरवून दिलेली आहे.

पहिल्या साध्या केसमध्ये बहुधा "इन्फॉर्मल" प्रोबेशन मिळतं. त्यात कुणी अधिकारी नेमलेला नसतो, महिन्याला हजेरी नसते. ही सोय आहे, पण याच सोयीमुळे लोक विसरतात. कोर्टानं लावलेला दारूविषयीचा क्लास संपला, दंड भरला, लायसन्स परत मिळालं, की मनानं माणूस मोकळा होतो. कागदावर तो अजून दोन वर्षं बांधलेला असतो. लायसन्स परत मिळालं म्हणजे प्रोबेशन संपलं असं नव्हे, हे वाक्य मी प्रत्येकाला दोनदा सांगतो.

तेव्हा कागद हातात घ्या आणि तीन गोष्टी शोधा. दोषी ठरलात ते कलम कुठलं, प्रोबेशन संपण्याची तारीख कोणती, आणि अल्कोहोलबद्दलच्या अटीचे नेमके शब्द काय. कलम २३१५२ किंवा २३१५३, म्हणजे डीयूआयचं, असेल तर ०.०१ चा नियम तुम्हाला थेट लागू आहे. तडजोडीत "वेट रेकलेस", म्हणजे दारूची नोंद असलेला बेदरकार ड्रायव्हिंगचा हलका गुन्हा, घेतलं असेल तर कलम वेगळं पडतं आणि २३१५४ च्या शब्दांत ते बसत नाही. पण न्यायाधीश तीच अट ऑर्डरमध्ये घालू शकतात, म्हणून ऑर्डर वाचल्याशिवाय सुटकेचा निःश्वास टाकू नका. कागद हरवला असेल तर ज्या काउंटीत केस झाली, तिथल्या सुपीरियर कोर्टाच्या क्लार्ककडे प्रत मिळते. माझ्या मित्रानं संपण्याची तारीख फ्रीजवर चिकटवली आणि फोनच्या कॅलेंडरातही टाकली. तुम्हीही तसंच करा.

दुसरं काम: एका पेल्याचा हिशोब

मी हा हिशोब मुद्दाम मांडतो आहे, कारण "थोडीशी" या शब्दानं फार घात होतो.

अमेरिकेत एक प्रमाणित ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ५ टक्क्यांची ३५५ मिलिलिटर बिअर, १२ टक्क्यांची साधारण १५० मिलिलिटर वाइन, किंवा ४० टक्क्यांची ४४ मिलिलिटर व्हिस्की. ७५ किलोच्या पुरुषाच्या रक्तात एका अशा ड्रिंकनं प्रमाण अंदाजे ०.०२७ वर जातं. ५५ किलोच्या बाईचं ०.०४५ च्या आसपास. म्हणजे एकाच ड्रिंकमध्ये प्रोबेशनची मर्यादा अडीच ते साडेचार पट ओलांडली गेली. त्या पुरुषाला ०.०१ गाठायला सुमारे १३० मिलिलिटर बिअर पुरते. आपल्या चहाच्या कपाएवढी.

शरीर सरासरी तासाला ०.०१५ या वेगानं अल्कोहोल बाहेर टाकतं. काहींचं ०.०१० नंच. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्यानं अंघोळ, यातल्या कशानंही हा वेग वाढत नाही. इथल्या ब्रुअरीत मिळणारी ७ टक्क्यांची पाइंटभर आयपीए बिअर घेतलीत तर त्यात २६ ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे जवळजवळ दोन ड्रिंक. ७५ किलोच्या माणसाला त्यातून पूर्ण मोकळं व्हायला साडेतीन तास, आणि शरीर सावकाश काम करणारं असेल तर पाच.

आता आपल्याकडची बैठक घ्या. घरी मित्र जमलेत, रात्री आठला सुरुवात, बारापर्यंत चार लार्ज. आपला लार्ज पेग ६० मिलिलिटरचा, त्यात सुमारे २० ग्रॅम. चार मिळून ८० ग्रॅम. वरचाच ७५ किलोचा माणूस, सरासरी वेग धरला तर तो सकाळी साडेसहाला शून्यावर येतो. वेग कमी असेल तर दुपारी बाराला. मुलाला शनिवारी सकाळी आठला सॉकरला सोडायचं असतं. झोप झालेली, डोकं हलकं, तोंडाला वास नाही, आणि शरीर सावकाश काम करणारं असेल तर रक्तात ०.०३ हून जास्त. "रात्री उबरनं आलो, सकाळी चालवली" हे मी ऐकलंय. रात्रीचा निर्णय अगदी बरोबर होता, फसलं ते सकाळी.

म्हणून असे हिशोब करत बसू नका. मी आकडे दिले ते हिशोब करणं किती धोक्याचं आहे हे दिसावं म्हणून. पोट किती भरलंय, वजन किती, झोप किती झाली, यावर प्रत्येक आकडा हलतो आणि तुमच्याकडे हलायला जागाच नाही. ज्या दिवशी प्यायलात, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत किल्ली दुसऱ्याकडे. प्रोबेशनभर अजिबात न पिणं हा त्याहून सोपा मार्ग आहे, आणि कोर्टानं पिण्यावरच बंदी घातली असेल तर तो एकच मार्ग आहे.

गाडीत इग्निशन इंटरलॉक बसवलेलं असेल, म्हणजे फुंकल्याशिवाय गाडी सुरू न होणारं यंत्र, तर त्याच्यावर विसंबू नका. यंत्रानं गाडी सुरू करू दिली याचा अर्थ तुम्ही ०.०१ च्या खाली आहात असा होत नाही. आणि यंत्रात पकडलेली प्रत्येक फुंक नोंदली जाते.

दारू नसलेली दारू

इथे आपल्या घरांत एक खास धोका आहे आणि इंग्रजीतल्या सूचनापत्रकांत तो सापडायचा नाही. द्राक्षासव, दशमूलारिष्ट, कुमारी आसव, लोहासव. आई भारतातून येताना बाटल्या घेऊन येते, जेवणानंतर दोन चमचे पाण्यातून देते. आसवं आणि अरिष्टं आंबवूनच तयार होतात, त्यांत साधारण ५ ते १० टक्के अल्कोहोल असतं. दोन चमच्यांनी रक्तातलं प्रमाण फारसं हलत नाही, पण तोंडात रेंगाळणारं अल्कोहोल फुंकण्याच्या यंत्राला दिसतं. होमिओपॅथीचे मदर टिंक्चर थेंबही अल्कोहोलमध्येच बनतात. सर्दीच्या काही रात्रीच्या पातळ औषधांत १० टक्के असतं, काही माउथवॉशमध्ये २० हून जास्त.

"नॉन-अल्कोहोलिक" लिहिलेल्या बिअरमध्ये इथल्या नियमानं ०.५ टक्क्यांपर्यंत असू शकतं. कोंबुचाचंही तसंच. रम घातलेला केक, तिरामिसू, वाइनमधला सॉस, हे सगळं गाडी चालवायच्या दिवशी लांब ठेवा. साधं अल्कोहोल नसलेलं माउथवॉश आणि औषधाच्या गोळ्या, एवढ्या दोन बदलांनी अर्धी काळजी मिटते. आईला खरं कारण सांगायचं नसेल तर डॉक्टरांनी थांबवायला सांगितलंय म्हणा, पण बाटली फडताळात जाऊ द्या.

तोंडातलं अल्कोहोल साधारण पंधरा मिनिटांत ओसरतं. गाडीत बसण्याआधी तेवढा वेळ तरी जाऊ द्या.

बैठकीत काय सांगायचं

मला या लेखात सगळ्यात जास्त हे सांगायचं आहे. कायदा लोकांना कळतो, एका संध्याकाळीत कळतो. अडतं ते लाजेपाशी. आपण ही केस कुणालाच सांगत नाही. ऑफिसात नाही, मंडळात नाही, शेजाऱ्यांना नाही, कधी कधी घरच्यांनाही नाही. मग कुणाच्या बॅकयार्डात बार्बेक्यू असतो, यजमान प्रेमानं बाटली हातात देतो, "अरे, एक घे रे, गाडी तर बायको चालवेल." बायको त्या दिवशी आलेलीच नसते. नेहमी घेणारा माणूस आज नाही म्हणतोय म्हटल्यावर चार जण विचारणार, आणि खरं उत्तर द्यायचं नाही म्हणून तो एक घेतो. केवळ प्रश्न टाळण्यासाठी.

माझ्या मित्राचं असं एकदा होता होता राहिलं. बाटली उघडलेली होती. तो बाथरूममध्ये गेला, मला फोन केला आणि कुजबुजत विचारलं, "काय सांगू?" मी म्हणालो, अँटिबायोटिक चालू आहे म्हण. ती वेळ निभावली. पण तीन वर्षं अँटिबायोटिक चालत नाही. शेवटी त्यानं तीन मित्रांना खरं सांगितलं. तिघांपैकी एकानंही तोंड फिरवलं नाही. त्या दिवसापासून कुठेही गेलो की त्या तिघांपैकी कुणीतरी त्याच्या हातात आधीच जलजिऱ्याचा ग्लास देतो, आणि प्रश्नच उद्भवत नाही.

तुम्हीही निदान एकाला सांगा. ज्याच्याबरोबर तुम्ही बाहेर जाता त्याला. आणि तुम्ही यजमान असाल, कुणी "नको" म्हणालं, तर कृपा करून दुसऱ्यांदा आग्रह करू नका. त्या "नको" मागे काय आहे ते तुम्हाला माहीत नसतं.

पोलिसांनी थांबवलं तर

लायसन्सचा नंबर तपासला की तुम्ही डीयूआय प्रोबेशनवर आहात हे अधिकाऱ्याला दिसतं. लपवण्यात अर्थ नाही.

रस्त्यावर हातातल्या यंत्रात फुंकायला लावतात त्या चाचणीला पास (पीएएस, म्हणजे अल्कोहोलची प्राथमिक तपासणी) टेस्ट म्हणतात. २१ वर्षांवरच्या सर्वसाधारण चालकाला अटकेआधी ती नाकारता येते, आणि तुमचे मित्र तुम्हाला तेच सांगतील, "फुंकायचं नाही, तो तुझा हक्क आहे." तुमच्या बाबतीत हे खरं नाही. प्रोबेशनवर असताना ही चाचणी देण्याला तुमची संमती कायद्यानं गृहीत धरलेली आहे. नाकारलीत तर, आधीची केस खात्यावर असल्यामुळे, लायसन्स दोन वर्षांसाठी रद्द होऊ शकतं, आधीच्या दोन केसेस असतील तर तीन वर्षांसाठी. म्हणजे शून्य प्यायलेल्या माणसानं मित्राचं ऐकून नकार दिला, तरी तो लायसन्स गमावून बसतो.

लायसन्स, रजिस्ट्रेशन, विम्याचा कागद द्या. हात स्टिअरिंगवर, आवाज शांत. किती प्यायलात, कुठून आलात, या प्रश्नांना उत्तर द्यायचं बंधन नाही, नम्रपणे तसं सांगता येतं. नुकतंच माउथवॉश किंवा औषध घेतलं असेल तर मात्र फुंकण्याआधी स्पष्ट सांगा.

आकडा ०.०१ किंवा वर आला तर

अधिकारी तुमचं लायसन्स काढून घेतो आणि गुलाबी कागद देतो. तो निलंबनाचा हुकूम आहे आणि ३० दिवसांचं तात्पुरतं लायसन्सही तोच. गाडी टो होऊ शकते.

त्या दिवसापासून १० दिवस मोजा. त्या १० दिवसांत डीएमव्हीच्या ड्रायव्हर सेफ्टी ऑफिसकडे सुनावणी मागायची. न मागितली तर निलंबन आपोआप लागू होतं, आणि ते एक वर्षाचं असतं. सुनावणीत प्रश्न मोजकेच असतात: अधिकाऱ्याला थांबवायला रास्त कारण होतं का, तुम्ही प्रोबेशनवर होतात का, आकडा ०.०१ किंवा वर होता का. नोकरी जाईल, मुलं लहान आहेत, हे तिथे सांगून उपयोग नाही, म्हणून वकील आधी गाठा. शनिवार-रविवारही त्या १० दिवसांत मोजा आणि वाट पाहू नका.

दुसरी बाजू कोर्टाची. प्रोबेशन मोडल्याच्या सुनावणीत ज्युरी नसते आणि पुराव्याची पातळीही खटल्यापेक्षा खालची असते. न्यायाधीश प्रोबेशन तसंच चालू ठेवू शकतात, अटी वाढवू शकतात, किंवा रद्द करून टांगून ठेवलेली जेलची शिक्षा लागू करू शकतात. पहिल्या डीयूआयची कमाल शिक्षा ६ महिने आहे. खाजगी वकील परवडत नसेल तर कोर्टाकडे पब्लिक डिफेंडर, म्हणजे सरकारी खर्चानं आरोपीची बाजू लढणारा वकील, मागा. हे वकील रोज याच केसेस लढतात, त्यांना कमी समजू नका.

आकडा ०.०८ किंवा वर असेल तर ती नवी डीयूआय केस. १० वर्षांतली दुसरी म्हणजे एक वर्षापर्यंत जेल आणि १८ किंवा ३० महिन्यांचा दारूविषयीचा क्लास. आणि पहिल्या केसच्या वेळी तुम्हाला एक इशारा दिलेला असतो, कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाच्या १९८१ च्या वॉटसन खटल्यावरून आलेला: पुन्हा पिऊन चालवलीत आणि कुणी मेलं, तर खुनाचा आरोप लागू शकतो.

व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व

२०१५ पासून अमेरिकेचं परराष्ट्र खातं डीयूआयच्या अटकेवरूनच, शिक्षा होण्याआधी, पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करू शकतं. ईमेल येतो आणि घरात आकांत होतो. व्हिसा रद्द होणं म्हणजे इथलं स्टेटस संपणं नव्हे. तुम्ही इथे काम करत राहू शकता, पण देशाबाहेर पडलात तर परतण्यासाठी नवा व्हिसा आणि बहुधा डॉक्टरांची तपासणी लागते. तेव्हा भावाच्या लग्नाचं तिकीट काढण्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेटा. व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्मवर अटक झाल्याचं खरं लिहा, खोटं लिहिणं केसपेक्षा महाग पडतं.

प्रोबेशन चालू असेपर्यंत नागरिकत्वाचा अर्ज मंजूर होत नाही. आणि २०१९ च्या ॲटर्नी जनरलच्या निर्णयानुसार, तपासल्या जाणाऱ्या कालावधीत दोन डीयूआय शिक्षा असतील तर तुमचं चारित्र्य चांगलं नाही असंच गृहीत धरून चालतात, ते खोडून काढण्याचा भार तुमच्यावर.

तारीख उलटल्यावर

प्रोबेशन संपलं की तुमची मर्यादा पुन्हा ०.०८ होते. त्याआधी कोर्टाच्या क्लार्ककडून केस बंद झाल्याची नोंद तपासा, आणि डीएमव्हीकडून आपला रेकॉर्ड मागवून पाहा. दंडाचा एखादा हप्ता राहिला असेल किंवा क्लासचं पूर्णत्वाचं प्रमाणपत्र पोचलं नसेल, तर ते याच वेळी कळतं. दंड संहितेच्या कलम १२०३.४ खाली शिक्षा मागे घ्यायचा अर्ज करता येतो, नोकरीच्या अर्जांत त्याचा उपयोग होतो. पण पुढच्या डीयूआयसाठी ही केस १० वर्षं मोजली जातेच, आणि इमिग्रेशनच्या फॉर्मवर ती लिहावीच लागते.

माझ्या मित्राची तारीख पुढच्या वर्षी मार्चमध्ये आहे. फ्रीजवरचा कागद अजून तिथेच आहे.